ड्रम मशीनचा आवाज बिघडला, तर आधी मीटर उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणं जुळवणाऱ्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ॲनालॉग ड्रम मशीन, म्हणजे ड्रमचे आवाज काढणारं यंत्र, जुळवण्यासारख्या आडवाटेच्या छंदाची मराठी वर्तमानपत्राने दखल घेतली, हे छानच झालं. पण 'आवाज नीट येत नसेल तर आयसी बदलून पाहावा' हे त्यातलं वाक्य खटकलं. (आयसी म्हणजे अनेक पायांची काळी चिप.) हा सल्ला दुकानदाराच्या सोयीचा आहे. नव्याने जुळवलेल्या बोर्डात आयसी मुळातच खराब निघणं फार कमी वेळा घडतं. उलटे बसलेले ट्रान्झिस्टर, चुकीच्या आकड्याचे कपॅसिटर आणि ड्राय सोल्डर (वरून ठीक दिसणारा, पण नीट न धरलेला जोड) यांतच बहुतेक दोष निघतात. आयसी काढता-घालता बोर्डाचं तांबं उखडलं, की एका दोषाचे दोन होतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घरी बनवली जाणारी बहुतेक ॲनालॉग ड्रम मशीन रोलँडच्या टीआर-८०८ या जपानी यंत्राच्या आराखड्यावर बेतलेली असतात. ते १९८० साली आलं आणि १९८३ मध्ये बंद झालं. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या ठेक्यावर राग वाजवून ठेवले आहेत. आपल्याकडच्या बेंजो पथकांतल्या ऑक्टोपॅडमध्ये आवाज आधीच साठवलेले असतात. ८०८ मध्ये एकही आवाज साठवलेला नसतो. दर ठोक्याला रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर मिळून आवाज नव्याने घडवतात. त्यामुळे एखादा आवाज बिघडला, तर तो ऐकूनच कुठला भाग चुकतोय याचा निम्मा अंदाज येतो. उरलेला निम्मा तीनचारशे रुपयांच्या मल्टिमीटरने काढायचा.

सुरुवात नेहमी पॉवर सप्लायपासून करावी. सगळे आयसी सॉकेटबाहेर ठेवून प्रत्येक सॉकेटवर व्होल्टेज मोजायचं. टीएल०७२ किंवा ४५५८ सारख्या आठ पायांच्या ऑप-ॲम्पला (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीला) ८ नंबरच्या पायावर अधिक १५ आणि ४ नंबरवर उणे १५ मिळालं पाहिजे. इथे हमखास फसवणारी जोडी म्हणजे ७८१५ आणि ७९१५, हे अधिक आणि उणे १५ व्होल्ट स्थिर ठेवणारे रेग्युलेटर. दिसायला दोन्ही सारखे, पण समोरून पाहिलं तर ७८१५ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात. ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट असे. शिवाय ७८१५ ची पाठीमागची पत्री ग्राउंडला जोडलेली असते, तर ७९१५ ची थेट इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) मध्ये मायकाचा रोधक पापुद्रा न लावता आवळले, की उणे बाजू सरळ शॉर्ट.

ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा (दोन्ही बाजूंना बारा व्होल्ट देणारा) घेतला असेल तर आवाजात सतत भुणभुण राहते. हिशोब सोपा आहे. बाराचं शिखर सतरा व्होल्ट, त्यातून डायोडचे ०.७ गेले आणि वर रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार. पंधराच्या रेग्युलेटरला निदान साडेसतरा तरी लागतात. १५-०-१५ चालतो, पण संध्याकाळी लाइन २०० व्होल्टवर येणाऱ्या गावात तोही काठावर येतो आणि १०० हर्ट्झची भुणभुण सुरू होते. १८-०-१८ घेऊन प्रत्येक बाजूला २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर लावला की प्रश्न मिटतो. रेग्युलेटर थोडे जास्त तापतील, तेवढा हीटसिंक मोठा घ्यावा.

सप्लाय ठीक असेल तर आयसी बसवून, यंत्र काहीही वाजवत नसताना प्रत्येक ऑप-ॲम्पच्या १ आणि ७ नंबरच्या पायावरचं डीसी व्होल्टेज पाहावं. साध्या ॲम्प्लिफायर किंवा फिल्टरच्या टप्प्यात ते शून्याच्या जवळ असायला हवं. ते १३-१४ व्होल्टला चिकटलेलं असेल, तर त्या ऑप-ॲम्पचा फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे नेणारा, रस्ता तुटलेला आहे. दहापैकी नऊ वेळा तिथला एखादा रेझिस्टर नुसताच भोकात उभा असतो, सोल्डर झालेलाच नसतो. फक्त कंपॅरेटर म्हणून (दोन व्होल्टेजची तुलना करायला) वापरलेले ऑप-ॲम्प मुद्दाम एका टोकाला असतात, त्यांना यातून वगळा.

आता बास ड्रम. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात, आणि त्यातल्या काही तक्रारीच खोट्या असतात. ८०८ चा बास ड्रम ५० हर्ट्झच्या जवळपास बोलतो. मोबाइलच्या किंवा लहान ब्लूटूथ स्पीकरला तो आवाज काढताच येत नाही. ऐकू येते ती फक्त सुरुवातीची टकटक. तेव्हा 'बास ड्रम मेला' म्हणण्याआधी बरा हेडफोन लावावा.

त्याच्या पोटात ब्रिज्ड-टी नावाची जोडणी असते: १५ नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापुढे एक, त्यांच्या मधल्या सांध्यापासून ग्राउंडकडे ४७ आणि ६.८ किलोओमचे रेझिस्टर, आणि वरून पुलासारखा १ मेगाओम. ठोका बसला की ही जोडणी डग्ग्यासारखी घुमते आणि विझते. यातला एक आकडा चुकला तर काय होतं, ते कागदावर काढता येतं. कपॅसिटरवर '१५३' ऐवजी '१५२' छापलेले दोन्ही नग बसले, तर तो १५ च्या जागी दीड नॅनो झाला. सूर दहापट चढून ४५० हर्ट्झच्या पुढे जातो आणि बास ड्रमच्या जागी लाकडी ठोकळा वाजतो. दोनपैकी एकच चुकला तर सूर साधारण १४५ हर्ट्झवर येतो आणि ऐकणाऱ्याला तो 'टॉमसारखा' वाटतो. '१५४' बसले तर सूर साडेचार हर्ट्झवर उतरतो, म्हणजे कानाला काहीच नाही. मोठ्या स्पीकरचा पडदा मात्र हलताना दिसेल. १ मेगाच्या जागी १०० किलो गेला, तर सूर पुन्हा तिप्पट चढतो आणि घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. तपकिरी-काळा-हिरवा आणि तपकिरी-काळा-पिवळा यांतला फरक पिवळ्या बल्बखाली डोळ्यांना कळत नाही. रेझिस्टर बसवण्याआधी मीटरवर मोजणं हा त्यावर एकच उपाय.

सूर बरोबर आहे पण आवाज 'थप' करून मरतो, अशी दुसरी तक्रार. ब्रिज्ड-टी स्वतःच्या बळावर फार वेळ घुमतच नाही, पंधरावीस मिलिसेकंदांत विझत जाते. लांब घुमारा येतो तो डिकेच्या पॉटमधून (घुमाऱ्याची लांबी ठरवणाऱ्या फिरत्या रेझिस्टरमधून) परत पाठवलेल्या फीडबॅकमुळे. म्हणून डिके फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिज्ड-टीला हात लावू नका. पॉटची मधली तार आणि फीडबॅकचा ऑप-ॲम्प तपासा. याउलट ठोका न देताही एकसुरी 'ऊऊऊ' चालू राहत असेल, तर फीडबॅक गरजेपेक्षा जास्त जातोय. त्या रस्त्यावरच्या रेझिस्टरची किंमत चुकलेली असते.

ठोक्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत एक ट्रान्झिस्टर ४७ किलोला बगल देतो, त्यामुळे सूर क्षणभर १३० हर्ट्झच्या आसपास जाऊन खाली बसतो. डग्ग्यावर तळवा दाबून सोडल्यावर सूर जसा सरकतो, तसलाच प्रकार. हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर बास ड्रम कायम चढ्या सुरातच वाजतो. तो कधीच चालू झाला नाही, तर आवाज येतो पण त्यात धक्का नसतो.

आणि एक खास भारतातली गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बास ड्रमचं फिल्टरही जवळपास तिथेच जुळवलेलं. ट्रान्सफॉर्मर त्या भागाच्या शेजारी असेल, तर १ मेगाच्या त्या नाजूक सांध्यात विजेचा गुंजारव शिरतो, आणि डिके वाढवला की तोच फिल्टर त्याला मोठा करतो. दोन ठोके सारखे न वाजता एक जड आणि एक हलका वाजतो, कारण घुमारा आणि गुंजारव कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना खोडतात. खूण एकच: डिके वाढवल्यावर गुंजारवही वाढतो. ट्रान्सफॉर्मर लांब तारेवर पेटीबाहेर काढून पाहा. गुंजारव गेला, की त्याची जागा पेटीच्या दुसऱ्या टोकाला.

कपॅसिटरचा प्रकारही इथे महत्त्वाचा. मातकट रंगाचे स्वस्त डिस्क कपॅसिटर सप्लायच्या पायापाशी चालतात, सूर ठरवणाऱ्या जागी नाही. त्यांची किंमत छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के कमी किंवा ऐंशी टक्के जास्तही असू शकते, आणि दुपारच्या उन्हात तीही बदलते. ब्रिज्ड-टीमध्ये पाच टक्क्यांचे पॉलिएस्टर कपॅसिटरच घालावेत. स्नेअर, टॉम, काँगा, रिमशॉट आणि क्लेव्ह्ज या यंत्रातल्या इतर आवाजांच्या पोटातही हीच जोडणी लहानमोठ्या आकड्यांनी असते, तेव्हा तिथेही हेच.

स्नेअर, टाळी आणि मराकस हे तीन आवाज 'छिस्स' अशा नॉइझवर चालतात आणि तो नॉइझ एकाच जागी तयार होतो. तिन्ही एकदम कमजोर असतील तर उगमातच खोट आहे. तिघांपैकी एकच गप्प असेल तर उगमाला हात लावायचं कारण नाही. उगम म्हणजे एक ट्रान्झिस्टर; त्याच्या तीन पायांपैकी कलेक्टर मोकळा सोडलेला असतो आणि उरलेल्या बेस-एमिटरचा सांधा मुद्दाम उलट्या दिशेने फोडलेला, म्हणजे उलट्या व्होल्टेजने प्रवाह वाहायला लावलेला असतो. त्या सांध्यावर मीटर लावा. सात ते नऊ व्होल्ट दिसले तर सांधा फुटलाय, म्हणजे तो आपलं काम करतोय. ०.६ किंवा ०.७ दिसले तर ट्रान्झिस्टर उलटा बसलाय. पूर्ण सप्लाय दिसत असेल तर सांधा फुटलेलाच नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर यंत्र चालवणाऱ्यांना हा शेवटचा प्रकार हमखास भेटतो, कारण सांधा फोडायला तेवढं बळ पुरत नाही.

व्होल्टेज बरोबर असूनही नॉइझ मंद असू शकतो. हा ट्रान्झिस्टर खरोखर नशिबाचा खेळ आहे; मूळ यंत्रातही तो निवडून बसवत असत. एकाच पाकिटातल्या दोन नगांच्या नॉइझमध्ये कानाला कळेल इतका फरक असतो. तिथे तीन पायांचं सॉकेट बसवून, स्वस्तातले पंधरावीस एनपीएन ट्रान्झिस्टर एकेक करून ऐकावेत. सगळ्यात मोठा आणि सलग आवाज देणारा ठेवायचा. मध्येच 'फट्फट्' करणारा बाद. वापरलेला ट्रान्झिस्टर नंतर दुसऱ्या कामाला घेऊ नये, सांधा फोडल्यामुळे त्याचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) घसरतो. तुमच्या लेखातल्या 'बदलून पाहा' या सल्ल्याला संपूर्ण यंत्रात खरी जागा आहे ती एवढीच, आणि तिथेही आयसी नाही.

ट्रान्झिस्टरचाच विषय आहे तर पायांचंही सांगतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जपानी २एससी९४५ मागितला, तर बरेचदा 'तेच आहे हो' म्हणून बीसी५४७ हातात पडतो. कामाला तो चालतो, पायांना चालत नाही. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. आणि २एससी९४५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. जपानी ट्रान्झिस्टरसाठी आखलेल्या बोर्डात बीसी५४७ घालताना तो नुसता फिरवून भागत नाही. फिरवल्यावर बेस आणि कलेक्टरचे पाय एकमेकांवरून ओलांडावे लागतात आणि एकाला स्लीव्ह (रोधक नळी) घालावी लागते. यात वाईट असं, की एमिटर आणि कलेक्टर अदलाबदल झाले तरी ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही. अगदी थोड्या गेनवर कसाबसा चालतो, आणि सहा-सात व्होल्टच्या पुढे गळू लागतो. आवाज येतो पण दुबळा, किंवा ठोका संपल्यावरही मागे पुसट सुरूच राहतो. अशा वेळी माणूस आयसीवर संशय घेतो आणि महिनाभर चुकीच्या जागी खणत बसतो.

झांज, हायहॅट आणि काउबेल यांचा उगम वेगळा. तिथे नॉइझ नसतो. ४०१०६ जातीच्या एका आयसीतले श्मिट ट्रिगर नावाचे सहा भाग सहा चौकोनी लहरी सतत वाजवत असतात. मूळ यंत्रातले आकडे २०५.३, ३०४.४, ३६९.६, ५२२.७, ५४० आणि ८०० हर्ट्झ. सहाही आउटपुटवर साधा डीसी मीटर लावा. लहर चालू असेल तर मीटर सप्लायच्या निम्म्याच्या आसपास दाखवतो. शून्य किंवा पूर्ण सप्लाय दाखवला तर ती लहर अडकलेली. दोनतीन अडकल्या की झांजेची किणकिण जाऊन भोंगा ऐकू येतो. मीटरवर हर्ट्झची रेंज असेल तर आकडेही पाहा, पण दहापंधरा टक्क्यांच्या फरकाने घाबरू नका. हा आयसी निरनिराळ्या कंपन्यांचा असला, की त्याच रेझिस्टर-कपॅसिटरवर निराळा सूर देतो. काउबेलच्या दोन लहरींना मात्र प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट) दिलेले असतात. त्यांचं गुणोत्तर दीडच्या किंचित खाली ठेवलं, म्हणजे ५४० ला ८००, की तो ओळखीचा आंबट 'टण' मिळतो.

या लहरी कधीच थांबत नाहीत, त्यामुळे हायहॅट गप्प असतानाही मागे बारीक चिरचिर येत असेल, तर लहरींना दोष नाही. त्यांच्यावरचा दरवाजा, म्हणजे व्हीसीए, नीट बंद होत नाही. तिथला ट्रान्झिस्टर उलटा असेल, किंवा एन्व्हलपचा (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणाऱ्या भागाचा) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. उघडा हायहॅट वाजतच नसेल आणि बंद हायहॅट ठणठणीत असेल, तर बंद हायहॅट वाजताच उघड्याचा आवाज तोडणारा ट्रान्झिस्टर कायम चालू आहे. त्याचा बेस तात्पुरता ग्राउंडला लावून पाहिलं की लगेच कळतं. बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला झांजेचा सूर खाली वाकत असेल, तर पुन्हा सप्लायकडे जा. ४०१०६ च्या पायापाशी १०० नॅनो आणि ४७ मायक्रोफॅरड लावायचे राहिलेले असतात.

टाळीबद्दल थोडक्यात. ती १ किलोहर्ट्झच्या आसपास गाळलेल्या नॉइझचे साधारण दहा मिलिसेकंदांच्या अंतराने तीन फटके, आणि मागून शेपूट, अशी बनते. एकच फटका आला तर करवती एन्व्हलपचा भाग पाहा, शेपूट नसेल तर दुसऱ्या एन्व्हलपचा. टाळीऐवजी नुसती 'श्श' आली तर फिल्टरचे कपॅसिटर.

ट्रिगरचा, म्हणजे आवाज सुरू करणाऱ्या विजेच्या ठोक्याचा, घोळ मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी चिप) वापरणाऱ्यांचा. मूळ यंत्रात हा ठोका १ मिलिसेकंदाचा आणि ॲक्सेंटप्रमाणे (किती जोरात वाजवायचं त्याप्रमाणे) साधारण ४ ते १४ व्होल्टचा असतो. थेट ५ व्होल्ट दिले तर सगळेच आवाज मलूल वाटतात. प्रोग्रॅममध्ये ठोका वीस मिलिसेकंदांचा ठेवला, तर चढताना एकदा आणि उतरताना एकदा असे दोन आवाज ऐकू येऊ शकतात. व्होल्टेज वाढवायला एनपीएन आणि पीएनपीची जोडी लागते. मायक्रोकंट्रोलरचा पाय सरळ १५ व्होल्टवरच्या पीएनपीच्या बेसला जोडू नये. ५ व्होल्टने तो ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाही, आणि पाय जळतो तो वेगळाच.

शोधासाठी एक साधन घरीच करता येतं. ऑडिओच्या तारेच्या टोकाला १०० नॅनोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर आणि १० किलोओम एकापुढे एक जोडा, ग्राउंडला मगरचिमटा लावा आणि दुसरं टोक बॅटरीवरच्या जुन्या स्पीकरला द्या. उगमापासून एकेक सांध्याला टोक टेकवत पुढे सरकायचं. आवाज ज्या दोन सांध्यांच्या मध्ये हरवतो, तिथेच दोष. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हे टोक कधीही नेऊ नये.

पावसाळ्यात एक वेगळीच तक्रार येते: उन्हाळ्यात ठीक असलेल्या यंत्राचे घुमारे जुलैत बदलतात. सोल्डरिंगचा राळेसारखा चिकटा बोर्डावर तसाच राहिला, की तो दमट हवेत ओलावा धरतो आणि १ मेगासारख्या मोठ्या रेझिस्टरच्या शेजारी एक छुपी वाट तयार होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्डाची खालची बाजू चकचकीत होईपर्यंत घासावी, मग तासभर पंख्याखाली ठेवावी. ब्रशने चुकून हललेला ड्राय सोल्डरही तेव्हाच सापडतो.

शेवटी एक विनंती. तुमच्या लेखाचा पुढचा भाग येणार असेल आणि त्यात आकृती छापणार असाल, तर कपॅसिटरची किंमत त्याच्या कोडसह छापावी, म्हणजे '१५ नॅनो, कोड १५३' अशी, आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांपाशी त्यांची नावं द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे